कॉम्प्युटरची इमेज आणि लक्ष्मीबाईंची प्रत



आमच्या मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर सुरू होताना कटकट आवाज करायला लागला, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, हार्ड डिस्क जायला आली. फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि हा डबा भंगारात देऊन टाका."

फायली काढून भागलं असतं तर मी हा लेख लिहायला बसले नसते. त्या कॉम्प्युटरवर सासूबाईंची वही आहे. दशलक्षणातल्या पूजा, व्रतकथा, पाळण्याची गाणी. सासूबाई वाचून दाखवायच्या आणि हे टाइप करायचे, ते २००९ साल. जवळजवळ दोनशे पानं झाली. मूळ वही २०१९ च्या सांगलीच्या पुरात गेली. टाइप केलं ते युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. ते विकणारं दुकान आता नाही, सीडी सापडत नाही. तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की 'णमो'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस यांची रांगोळी दिसते. पीडीएफ काढून ठेवल्यात, पण त्यात दुरुस्ती करता येत नाही. अक्षरं बदलून देणारे प्रोग्रॅमही वापरून पाहिले, ते जोडाक्षरांवर अडखळतात. म्हणून मी रोज दोन पानं नव्याने टाइप करते, आणि त्यासाठी तो जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा जिवंत लागतो.

अशा वेळी डिस्कची इमेज घ्यायची असते. फायलींचा बॅकअप म्हणजे घर बदलताना डबे-बरण्या नेणं. इमेज म्हणजे ओटा, मांडणी, भिंतीवरचा खिळासुद्धा उचलून नेणं. विंडोज, त्यातले प्रोग्रॅम, फॉन्ट, सगळ्या डिस्कची मिळून एक प्रत तयार होते आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते. उद्या डिस्क गेली तर नव्या डिस्कवर ती परत उतरवायची. क्लोन वेगळा. त्यात एका डिस्कची थेट दुसरी डिस्क बनते, म्हणजे एका डिस्कवर एकच प्रत मावते. इमेज दाबून लहान होते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवता येतात.

आता कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? इथे माझं मत जरा ठाम आहे. दुकानदार, पुतणे आणि यूट्यूब सगळे वैशिष्ट्यांची यादी वाचून दाखवतात. मी एकच विचारते : ज्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, त्या दिवशी हे मला एकटीला वापरता येईल का?

विंडोजमध्ये इमेज घ्यायची सोय आहे, पण मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये ती जुन्या, मागे पडलेल्या सोयींच्या यादीत टाकली. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेकांची आवडती होती, तिचा आधार १ जानेवारी २०२४ पासून थांबला. विकत घ्यायची चांगली सॉफ्टवेअर आहेत, ज्यांना रोज आपोआप बॅकअप हवा त्यांनी जरूर घ्यावीत. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे. त्यावर आजचं नवं काही बसवायचं म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर आणखी ओझं.

दुकानातल्या मुलाने महागड्या सॉफ्टवेअरची 'क्रॅक' केलेली प्रत फुकट देऊ केली. "सगळे हेच वापरतात, काकू." आपण अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ म्हणतो, त्यात तदाहृतादान येतं, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेलं घेणं. पाठशाळेत हे सोनं-चांदीच्या उदाहरणाने शिकवतात, पेनड्राइव्हच्या उदाहरणाने कोणी शिकवत नाही. शिवाय कुलूप तोडणाऱ्याच्याच हाती घराची प्रत द्यायची, हा व्यवहार बी.कॉम.च्या मुलीलाही पटण्यासारखा नाही.

मी घेतलं रेस्क्यूझिला. मोफत आणि उघड परवान्याचं. तैवानच्या संगणक केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला प्रसिद्ध आहे, पण त्याची काळी पडदाभर अक्षरं पाहून मला घाम फुटला. रेस्क्यूझिलात त्याच कामाला बटणं आहेत. आणि याची इमेज क्लोनझिलातही उघडते, हे मला फार आवडलं. एक सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी दुसरी किल्ली आहे. पेनड्राइव्हवरून चालतं, कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही. उणीव अशी की आपोआप काही होत नाही, आणि दर वेळी पूर्ण इमेज घ्यावी लागते. मला चालतं. महिन्यातल्या एका चतुर्दशीला उपवास असतो, स्वयंपाकघर शांत असतं, दीड तास लागतो.

चूक माझी झाली ती डिस्क घेताना. जुनी ५०० जीबीची, त्यात भरलेलं जेमतेम १४०. म्हणून ४८० जीबीची एसएसडी आणली. इमेज उतरेना! ही सॉफ्टवेअर मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी डिस्क मागतात, आत सामान किती हे बघत नाहीत. ५१२ जीबीची बदलून आणली तेव्हा काम झालं. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर इमेजआधी शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा, नाहीतर कॉम्प्युटर अर्धवट झोपलेला राहतो. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.

इमेज झाल्यावर तपासणी होते आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं जातं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे नोंदी बरोबर असतातच असं नाही. मी जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, नव्या डिस्कवर इमेज उतरवली, कॉम्प्युटर सुरू केला आणि सासूबाईंची फाईल उघडली. 'णमो' दिसलं. तेव्हा कुठे मी चहा घेतला.

हे सगळं करताना मूडबिद्री आठवत होती. धवला, जयधवला हे ग्रंथ शतकानुशतकं तिथल्याच ताडपत्रांवर राहिले, बाहेर कुठे प्रत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी नक्कल करवण्याची खटपट केली. ती नक्कलही तिथेच राहायची होती. नक्कल करणारे पंडित गजपती उपाध्याय यांनी गुपचूप आणखी एक प्रत केली, आणि त्यांना साथ दिली पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या प्रतीच्या पुढच्या नकला अमरावती, कारंजा, आरा इथे पोचल्या, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापला. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवरही कोरले गेले.

माझी सून लगेच म्हणाली, "मग ती गुपचूप केलेली प्रत चोरी नव्हती का, आई?" मी गप्प बसले. कोणाचं काही कमी झालं नाही, उलट सगळ्यांना मिळालं, असं म्हणता येईल. क्रॅकवाला मुलगाही तेच म्हणेल. परवानगीशिवाय ते झालं, हे खरंच आहे. लक्ष्मीबाईंनी रात्री दिव्याच्या उजेडात काय विचार केला असेल, हे मला विचारायला आवडलं असतं. मी मात्र मोफत मिळणारं होतं तेच घेतलं, मला तो प्रश्न पडला नाही.

कोणी म्हणेल, इतक्या प्रती म्हणजे परिग्रहच की. म्हणून इमेज घेण्याआधी मी दोन दिवस बसून लग्नांचे धूसर व्हिडिओ आणि शुभ सकाळचे फोटो काढून टाकले. बाहेरच्या डिस्क दोनच ठेवल्यात. एक माझ्या कपाटात, एक कोल्हापूरला लेकीकडे, पहिल्या मजल्यावर. पुराचं पाणी तिथवर येत नाही. सोबत रेस्क्यूझिलाचा पेनड्राइव्ह आणि माझ्या हातचा कागद आहे, कोणतं बटण आधी आणि कोणतं नंतर.

नव्याने टाइप करणं चौसष्टाव्या पानापर्यंत आलंय. सुगंधदशमीची कथा चालू आहे.