पायी किती, गाडीत किती?

युरोपच्या सहलीची आखणी करताना घरातील तरुण मंडळी विमानाची तिकिटे, हॉटेले आणि संग्रहालयांची आरक्षणे यांचा काटेकोर हिशेब मांडतात. ज्यांच्यासाठी ही सहल योजिलेली असते, त्या आईवडिलांच्या गुडघ्यांचा हिशेब मात्र बहुधा तेथे पोहोचल्यावर, आणि तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सुरू होतो. मग एखाद्या चौकातील पायरीवर टेकून आई म्हणते, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच." हे वाक्य आपल्या घरांतून इतके परिचयाचे आहे की त्यातील थकवा आपल्याला ऐकूच येत नाही. त्यात थोडे दुखणे असते, थोडा संकोच असतो आणि आपल्यामुळे चौघांचा खोळंबा होऊ नये ही धास्ती तर पुष्कळच असते.

इटलीतील जुन्या शहरांतून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात, त्या या दुखण्यावरचा उपाय ठरू शकतील काय, असे अलीकडे अनेक कुटुंबे विचारू लागली आहेत. गोल्फच्या मैदानावर फिरवतात तसली ही गाडी: चार ते आठ माणसे बसतील एवढी, बाजूंनी उघडी, वर छप्पर, आवाज जवळजवळ नाही. चालक गाडी हाकता हाकता शहराची माहितीही सांगत असतो. प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर शहरागणिक बदलते. म्हणून एकच शहर घेऊ: फ्लॉरेन्स.

फ्लॉरेन्सचे ऐतिहासिक केंद्र १९८२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नकाशावर ते फार लहान दिसते, आणि तसे ते आहेही. सांता मारिया नोव्हेल्ला रेल्वेस्थानकातून निघालेला धडधाकट माणूस दहा-पंधरा मिनिटांत मुख्य कॅथेड्रलपाशी पोहोचतो. तेथून तेवढ्याच वेळात आर्नो नदीवरील पोंते वेक्कियो हा १३४५ चा पूल गाठता येतो. मुले हा नकाशा पाहतात आणि म्हणतात, "बाबा रोज बागेत तीन किलोमीटर चालतात, त्यांना एवढे काय जड?"

गल्लत येथेच होते. बाबा बागेत चालतात ते सलग, एका लयीत, सपाट वाटेवर. सहलीत चालणे असे नसते. दहा पावले चालायचे, थांबायचे, मान वर करून पाहायचे, पुन्हा पाच पावले. मग पाऊण तास रांगेत उभे राहायचे. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस उभाच राहिला की हा पंप थंडावतो, रक्त पायांत साठते, घोटे सुजतात आणि कंबर भरून येते. संग्रहालयात येणाऱ्या या थकव्याला बोस्टनच्या संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच नाव देऊन ठेवले होते: ‘म्युझियम फटीग’. त्यात फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवरील दगडी लाद्यांची भर पडते. शतकानुशतकांच्या वावराने त्या कोठे गुळगुळीत तर कोठे उंचसखल झाल्या आहेत. अशा फरशीवर प्रत्येक पाऊल तोलून टाकावे लागते, आणि ते काम घोट्याभोवतीच्या लहान स्नायूंना करावे लागते.

सारांश, या शहरात माणूस अंतराने थकत नाही, उभे राहण्याने थकतो. एवढे ध्यानात घेतले की बॅटरीच्या गाडीचे खरे मोल कळते, आणि तिची मर्यादाही. ती अंतर वाचवते. रांग वाचवत नाही. उफ्फिझी संग्रहालयातील दालनांत ती येणार नाही. कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या ती चढवून देणार नाही, आणि तेथे उद्वाहकही नाही. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत. तेथेही तीच गत. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना उतरताना तो तिपटीहून अधिक होतो. चढून गेलो म्हणजे जिंकलो असे ज्येष्ठांनी समजू नये; गुडघ्याची परीक्षा उतरताना असते. ब्रुनेलेस्की या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात उभा केलेला हा घुमट खालच्या चौकातूनही तितकाच थोर दिसतो. माझे मत विचाराल तर अधिकच.

मग गाडी घ्यावी कोठे? माझे उत्तर असे: टेकडीसाठी घ्यावी.

१८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होते. त्या वेळी जुझेप्पे पोज्जी या वास्तुकाराने शहराची जुनी तटबंदी बरीचशी पाडून रुंद रस्ते काढले आणि नदीपलीकडच्या टेकड्यांवरून सुमारे सहा किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा, दुतर्फा झाडांचा रस्ता नेला. या रस्त्यावरच पियाझ्झाले मिकेलांजेलो हा विस्तीर्ण सज्जा आहे. तेथे उभे राहिले की घुमट, मनोरे, नदी आणि तिच्यावरचे पूल एका नजरेत येतात. त्याच्याही वर सान मिनियातो अल मोंते हे अकराव्या शतकात उभारणीस आरंभ झालेले चर्च आहे. नदीकाठावरून येथवर पायी चढणे म्हणजे भरपूर पायऱ्या. ज्यांच्या गुडघ्याची झीज झाली आहे, ज्यांना चढावर धाप लागते किंवा ज्यांचे हृदयाचे दुखणे नियंत्रणात असले तरी डॉक्टरांनी बेताने घ्यायला सांगितले आहे, त्यांनी हा चढ गाडीला द्यावा. पोज्जीचा रस्ता मुळात घोडागाड्यांच्या काळातला. चाकांवर बसून पाहावा म्हणूनच तो आखला गेला. तेथे बॅटरीच्या गाडीत बसणे ही पायांची माघार मुळीच नव्हे. खाली आल्यावर तेच पाय सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाधींपुढे सावकाश उभे राहण्यासाठी शिल्लक असतात.

सांता क्रोचेचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. फ्रेंच लेखक स्तांदाल १८१७ मध्ये या चर्चमधून बाहेर पडला तेव्हा त्याची छाती धडधडत होती, आणि चालताना आपण कोसळू की काय असे त्याला वाटत होते. पुढे ग्रात्सिएल्ला माघेरिनी या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात आलेल्या अशा पर्यटकांचा अभ्यास करून या अवस्थेला त्याचे नाव दिले. १२८८ मध्ये स्थापन झालेले ते रुग्णालय शहराच्या मध्यभागी आजही चालू आहे. कलेच्या दर्शनाने भोवळ येणे ही कल्पना रम्य आहे खरी; पण साठी ओलांडलेल्या माणसाला सहलीत धडधड झाली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरच्यांनी आधी रम्य कारण शोधू नये. पाणी कमी पडले काय, मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले काय, हे आधी पाहावे. छातीत दाब वा दुखणे असेल तर ११२ या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा.

पाण्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही. परक्या शहरात स्वच्छतागृह वेळेवर मिळेल की नाही या भीतीने आपल्याकडील ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. काहीजण रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्समध्ये पारा पस्तिशीपलीकडे जातो, आणि दगडी भिंतींमध्ये कोंडलेली उष्णता सायंकाळीही ओसरत नाही. अशा दिवशी पाणी तोडणे धोक्याचे. येथे गाडीचा एक लहानसा, पण मोलाचा उपयोग होतो: चालकाला आरंभीच सांगून ठेवता येते की तासाभराने एखाद्या कॉफीच्या दुकानापाशी थांबायचे आहे. हे मुलाने किंवा सुनेने सांगावे; आईला सांगायला लावू नये. गोळ्यांच्या वेळांत काही बदल हवा असेल तर तो निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

गाडी निरुपद्रवी दिसत असली तरी ती सर्वांना सारखी मानवत नाही. तिची चाके लहान, आणि लाद्यांवरून जाताना हिसके थेट कण्यापर्यंत पोहोचतात. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याचा अस्थिभंग होऊन गेलेल्यांनी किंवा पाठीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. घेतलीच तर मधल्या आसनावर बसावे, मागच्या चाकांवर नव्हे. अनेक गाड्यांत शेवटचे आसन मागे तोंड करून असते. मुलांना ते फार आवडते, पण ज्यांना प्रवासात मळमळते किंवा चक्कर येते त्यांना तेथे बसवू नये. दारे नसल्याने वळणावर दांडी धरून बसणे आवश्यक. लहान मूल कडेला नको. हिवाळ्यात नदीकाठच्या उघड्या वाऱ्यात अर्धा तास निश्चल बसणे हे चालण्यापेक्षा अधिक गारठवते, म्हणून कान आणि गुडघे झाकलेले असावेत. काठी किंवा घडीचा वॉकर ठेवायला जागा आहे ना, हे आरक्षणापूर्वी विचारावे. आणि दोन-तीन तासांची फेरी असेल तर मध्ये दोनदा उतरून पाच-पाच मिनिटे चालावे. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेचच्या दिवशी तर हे विशेष पाळावे. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर सहल बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. या शहरात माणसे राहतातही. अरुंद गल्लीत सकाळी दूध-पाव आणायला निघालेल्या वृद्ध रहिवाशाला एकामागून एक येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना वाट देत भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, तेव्हा त्याच्याही गुडघ्यांचा विचार व्हायला हवा. कॅथेड्रलचा चौक २००९ मध्येच वाहनांपासून मुक्त करण्यात आला. २०२४ च्या अखेरीस नगरपालिकेने पर्यटनाला शिस्त लावण्यासाठी दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यात ध्वनिवर्धकांवरून बोलणाऱ्या मार्गदर्शकांबरोबरच गोल्फ कार्टसारख्या वाहनांवरही मर्यादा आणण्याचे कलम होते. नियम बदलत आहेत. म्हणून आगाऊ पैसे भरण्यापूर्वी गाडीला ऐतिहासिक केंद्रात परवानगी आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. मला शहराची तक्रार रास्त वाटते. केंद्रात गाडीची आपल्याला गरज सर्वांत कमी, आणि तिचा इतरांना उपद्रव सर्वांत अधिक. तेथे नगरातील लहान विजेच्या बस आहेत, टॅक्सी आहेत. उफ्फिझीत उद्वाहक आहे आणि चाकांची खुर्ची मागता येते. ती मागण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे मात्र घरी बसूनच, शांतपणे, आईवडिलांशी बोलून ठरवावे. तेथे रांगेत उभे राहून नव्हे.

आणखी एका ठिकाणासाठी गाडी घ्यावी असे मी आग्रहाने सुचवीन. मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ते न पाहता परतणे खरोखर खेदाचे आहे. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाकाठाने काशिने नावाचे लांबच लांब उद्यान पसरले आहे. त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते तेथे, एक छत्री आहे. घुमटाकृती छताखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना वाटेत आजारपणाने ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. दहनाची प्रथा त्या देशात तेव्हा रूढ नव्हती. तरी संगमावर हिंदू रीतीने त्यांचे अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये उभारलेल्या या स्मारकाची छत्री चार्ल्स मँट यांची. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. पुतळा चार्ल्स फुलर यांनी घडवला. जवळच्या आधुनिक पुलालाही स्थानिक लोक ‘इंडियानो’ म्हणूनच ओळखतात. महाराजांची त्या प्रवासातील रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

शहरातून पायी निघाल्यास हे अंतर ज्येष्ठांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि ट्रामचा काशिने थांबाही उद्यानाच्या शहराकडील बाजूस पडतो. तेथून पुढे दोन किलोमीटरहून अधिक चालावे लागते. गाड्यांच्या नेहमीच्या फेरीत हे ठिकाण नसते, तेव्हा आरक्षण करतानाच ‘इंडियानो’ एवढा शब्द सांगून वेगळी फेरी ठरवावी, नाहीतर टॅक्सी करावी. उद्यानातील वाट सपाट आहे आणि दुतर्फा मोठी झाडे आहेत. छत्रीच्या अलीकडे शे-दोनशे पावलांवर गाडी थांबवून उरलेले अंतर आईवडिलांच्या चालीने जावे. परतीच्या वेळेचे चालकाशी आधीच ठरवून घ्यावे, कारण त्या टोकाला सायंकाळनंतर वर्दळ फार थोडी असते.