खा, प्या, चाला... आणि विचारा!

मंडळी, परदेशात गेल्यावर पैसे मोजून 'फूड अँड वाइन वॉक' करावा की नाही, यावर आमच्या ऑफिसात सरळसरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, "मोबाइलमध्ये नकाशा आहे, रिव्ह्यू आहेत, मग गाइडला कशाला पैसे द्यायचे?" दुसरी म्हणते, "गाइडशिवाय गेलास तर पिझ्झा खाऊन परत येशील." मध्यंतरी एका प्रोजेक्टसाठी मी दोन महिने लिस्बनला होतो. तिथे मी असे तीन वॉक केले, तीन वेगवेगळ्या लोकांबरोबर. त्यामुळे दोन्ही पार्ट्यांना ज्ञान द्यायला आता मी पात्र आहे. :-)

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे द्यावेत. पण ते खाण्यासाठी नव्हे, तर जे आपल्याला एकट्याला दिसलं नसतं ते दाखवण्यासाठी. आणि गाइड नेमकं तेच दाखवायचं टाळत असेल तर मात्र पैसे वाया गेले असं खुशाल समजावं, भले वाइन कितीही चांगली असो.

आता जरा तपशीलात जाऊ. लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी, अटलांटिकच्या दारात बसलेलं शहर. सगळा चढउतार, आणि फरसबंदी इतकी गुळगुळीत की पावसात चालणं म्हणजे सर्कस. दहा-बारा जणांचा घोळका, तीन-साडेतीन तास, पाच-सहा थांबे, माणशी साधारण सत्तर ते शंभर युरो. इंजिनिअरच्या सवयीने मी हिशेब मांडला. पोटात गेलेला माल मी स्वतः काउंटरवर उभा राहून विकत घेतला असता तर तीस युरोच्या आत काम झालं असतं. म्हणजे उरलेले पैसे गोष्टींचे. मग गोष्टी तरी खणखणीत हव्यात ना!

चांगला गाइड काय देतो बघा. तिथल्या हॉटेलात बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. आपल्याला वाटतं, आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं फुकट असेल. अजिबात नाही! हात लावलात की बिलात. नको असेल तर सरळ परत पाठवायचं, कुणाला राग येत नाही. किंवा हे घ्या, माझ्या शाकाहारी मित्रांसाठी खास: तेजोच्या पलीकडच्या भागातलं अझैतांव नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज. युरोपातली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या पोटातलं रेनेट घालून विरजतात. हे मात्र एका काटेरी रानफुलाच्या अर्काने विरजतात. वरचं झाकण कापायचं आणि आतला लुसलुशीत गर पावाला लावायचा. हे मला मेनूकार्ड वाचून सात जन्मात कळलं नसतं.

वाइनचंही तसंच. 'विन्यो व्हेर्द' म्हणजे शब्दशः हिरवी वाइन, पण रंग हिरवा नसतो. ही उत्तरेकडची कोवळी, हलकी वाइन. पोर्ट वाइन दोउरू नदीच्या खोऱ्यातली, आणि त्या प्रदेशाची हद्द पोंबाल या मंत्र्याने १७५६ मध्ये आखून दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १७५५ ला, भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त झालं होतं. बैशा भागातले आजचे काटकोनातले सरळ रस्ते त्यानंतरचे, याच पोंबालच्या अमलातले. अल्फामा आणि मोरारियातल्या वेड्यावाकड्या गल्ल्या मात्र बऱ्याच अंशी वाचल्या. वॉक नेहमी याच गल्ल्यांत का शिरतात, ते आता लक्षात आलं असेल.

पण मला सगळ्यात आवडली ती कोलारिशची गोष्ट. शहरापासून जवळच, समुद्राकाठच्या वाळूत रामिश्को नावाच्या द्राक्षाच्या वेली आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरचे मळे साफ केले. वाळूत ती कीड जगू शकत नाही, म्हणून कोलारिशच्या वेली कलम न करता स्वतःच्या मुळांवर टिकल्या. पुढे विसाव्या शतकात तिथले मळे आक्रसत गेले, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे समुद्र दिसणारी घरं आणि बंगले. किडीला जमलं नाही ते प्लॉटच्या भावाने केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

मराठी माणसाला या शहरात एक वेगळीच गंमत वाटते. कुठल्याही दुकानात कान उघडे ठेवा. बटाट्याला 'बताता', पावाला 'पांव', कोबीला 'कोव्ह', अननसाला 'अनानाश', काजूला 'काजू'. अरे, हा तर आमच्या आईचा बाजाराचा कागद! गोव्यात पाव आणून देणारा पोदेर हा पोर्तुगीज 'पादैरु'. आणि विंदालूमध्ये आलू नसतो हो. तो शब्द आला 'व्हिन्या द आल्युश' म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस यावरून. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, वर मिरची आली, आणि काम फत्ते. ती मिरचीही मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आलेली.

इथपर्यंत सगळं गोड गोड. आता कडू भागाकडे येऊ.

जवळजवळ प्रत्येक वॉक साँव दोमिंगुशच्या चौकात थांबतो, कारण तिथे 'जिंजिन्या'चं १८४० पासूनचं चिंचोळं दुकान आहे. आंबट चेरीची ही दारू छोट्या ग्लासात मिळते. फळासकट की फळाशिवाय, एवढाच प्रश्न दुकानदार विचारतो. दीड-दोन युरोत घसा आणि कान दोन्ही गरम. त्याच चौकात एक स्मारक आहे, २००८ मध्ये बसवलेलं. १५०६ च्या एप्रिलमध्ये समोरच्याच चर्चमध्ये सुरू झालेल्या दंगलीत, जबरदस्तीने ख्रिश्चन केलेल्या हजारो ज्यूंची कत्तल झाली होती. माझ्या तीन गाइडांपैकी दोघांनी त्या दगडापासून वीस पावलांवर उभं राहून आम्हाला फक्त चेरीच्या बिया कशा थुंकायच्या ते शिकवलं. तिसरीने ग्लास संपू दिला, मग सगळ्यांना दगडाकडे नेलं, दोन मिनिटं सरळ शब्दांत सांगितलं आणि पुढे निघाली. कुणाच्याही तोंडची चव गेली नाही. उलट आमचा घोळका तिथून पुढे प्रश्न विचारायला लागला.

असंच एका रस्त्याचं. 'रुआ दु पोसु दुश नेग्रुश', म्हणजे काळ्यांच्या विहिरीचा रस्ता. मेलेल्या गुलामांची प्रेतं टाकण्यासाठी १५१५ मध्ये राजा मानुएलने एक खड्डा खणवायला सांगितलं, आणि त्यावरून हे नाव पडलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आज तिथे झकास कॉफी आणि ब्रंच मिळतो. बेलेंला पाश्तेल द नाता खाताना वर दालचिनी भुरभुरतात. समोरचा जेरोनिमुशचा मठ मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला. दालचिनी आणि मठ या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या तर इतिहास कळतो. वेगवेगळ्या सांगितल्या तर फक्त फोटो निघतात.

"अरे, लोक सुट्टीवर आलेत, त्यांना कशाला हे सगळं?" असं एक मित्र म्हणाला. बाबा रे, लोक सुट्टीवर आलेत म्हणून ते मूर्ख होत नाहीत. आणि जी कंपनी वेबसाइटवर 'ऑथेंटिक' हा शब्द आठ वेळा लिहिते, तिने निदान आठ टक्के तरी ऑथेंटिक असावं.

पण जुन्या इतिहासापेक्षा मला जास्त खटकलं ते आजच्या गोष्टींवरचं मौन. १९८१ मध्ये लिस्बन शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास होती, २०२१ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आत आली. हे सगळं पर्यटनामुळे झालं म्हणणं खोटं ठरेल, कारण लोक उपनगरांत जायला त्याच्या खूप आधी लागले होते. पण अल्फामा, मोरारिया आणि बैशा ज्या प्रभागात येतात, त्याने २०११ ते २०२१ या दहाच वर्षांत पाचव्या हिश्श्याहून जास्त रहिवासी गमावले. २०१२ च्या भाडेकायद्याने जुनी भाडी वाढवणं आणि करार मोडणं सोपं केलं. त्यानंतर घरांचे पर्यटकांसाठीचे फ्लॅट होत गेले. २०१८ मध्ये महापालिकेला जुन्या वस्त्यांत असे नवे परवाने थांबवावे लागले. २०१७ मध्ये ऐतिहासिक दुकानांना भाड्यापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला. कोलारिशची वेल आठवते? तोच प्रकार, फक्त इथे माणसं आहेत.

वॉकमध्ये आपल्याला 'ताश्का'त नेतात. ताश्का म्हणजे गल्लीतली साधी खानावळ, चार टेबलं, कागदाचा टेबलक्लॉथ, दुपारचं एकच ताट. ती चालते रोजच्या गिऱ्हाइकांवर. वरच्या मजल्यावरची आजी आणि शेजारचा सुतार निघून गेले की ताश्का उरते, पण तिच्यात आपणच आपल्याला बघत बसतो. म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर कधीच बंद झालाय आणि डेमो मात्र जोरात चालू आहे.

मोरारियात आणखी एक मजा. ११४७ मध्ये लिस्बन जिंकल्यावर मूर लोकांना राहायला दिलेली ही वस्ती, म्हणून हे नाव. आज तिथल्या बेनफोर्मोजो रस्त्यावर बांगलादेशी लोकांची दुकानं आणि खानावळी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी याच रस्त्यावर लोकांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं, ते फोटो गाजले, त्यावर मोठा निषेधही झाला. आता गंमत बघा. लिस्बनच्या कुठल्याही साध्या बारच्या काउंटरवर 'शामुसा' मिळतो. म्हणजे आपला सामोसा, गोव्यामार्गे गेलेला. तो पोर्तुगीज खाद्यपदार्थ म्हणून वॉकमध्ये मानाने मिरवतो. आणि शेजारच्या गल्लीत सामोसा तळणारा माणूस मात्र 'ऑथेंटिक' नाही! माझ्या तिसऱ्या गाइडने आम्हाला तिथल्या खानावळीत नेऊन डाळ-भात खायला घातला, तेव्हा घोळक्यातल्या दोन काकू नाराज झाल्या. मी मात्र मनातल्या मनात तिला पाच स्टार दिले.

बरं, दुसरी बाजू सांगायलाच हवी. हे वॉक नसते तर काही छोट्या ताश्का केव्हाच बंद पडल्या असत्या, हेही खरं. सोमवारी दुपारी चार वाजता बारा पाहुणे आणून पैसे देणारं दुसरं कोण आहे? आणि गाइड बिचारे बहुतेक फ्रीलान्स. कत्तल, गुलाम, भाडेवाढ यावर बोललं आणि एखाद्याने 'फार राजकीय वाटलं' म्हणून दोन स्टार दिले, की पुढचं बुकिंग कमी. म्हणजे गाइडच्या मौनाला आपणही जबाबदार आहोत. आपण रेटिंग कशाला देतो? वाइन किती ओतली त्याला!

आणि हे काही दूरचं दुखणं नाही. पणजीतल्या फोन्तायन्यासमध्ये लोकांच्या दारात, खिडकीत उभं राहून फोटो काढणाऱ्या पर्यटकांना तिथले रहिवासी वैतागलेत. तीच रंगीत घरं, तोच पोर्तुगीज वारसा आणि तोच प्रश्न: घरात माणूस राहतोय की सेट लावलाय?

तर बुकिंग करण्याआधी माझे चार प्रश्न. एक, घोळका किती जणांचा? आठपेक्षा जास्त असेल तर अरुंद गल्लीत तुम्ही रहदारी आहात, पाहुणे नाही. दोन, थांब्यांपैकी किती ठिकाणी स्थानिक लोक आठवड्यातून एकदा तरी जेवतात? तीन, दुकानदाराला पूर्ण पैसे मिळतात की 'गिऱ्हाईक आणतो' म्हणून उलट त्याच्याकडूनच कमिशन घेतात? चार, गाइड स्वतः या वस्तीत राहतो का, आणि नसेल तर का नाही? हा चौथा प्रश्न चालता चालता सहज विचारा. उत्तरात अख्ख्या शहराची गोष्ट मिळते.

दारू न पिणाऱ्यांनी घाबरू नये, सांगितलं तर पर्याय देतात. 'काल्दु व्हेर्द' हे पालेभाजी-बटाट्याचं सूप भारी असतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, ती आधीच नको म्हणा. आणि वॉक संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका ताश्कात एकटे जा, दुपारचं ताट मागवा, पूर्ण पैसे द्या. वॉकचे पैसे खरे वसूल होतात ते तेव्हा.

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा, पण जेवून!