बादलीतली ढोबळी मिरची आणि बायकांचं रक्त

आठवडी बाजारात ढोबळी मिरचीचा ढीग दिसला की वस्तीतल्या आयाबाया म्हणतात, ‘ही हॉटेलवाल्यांची भाजी.’ मला हे पटत नाही. ही भाजी आपल्या दारात हवी आणि ती विकायला नव्हे, खायला हवी.

कारण रक्ताचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते, गरोदरपणात रोज एक, १८० दिवस. पण मळमळतं म्हणून कितीतरी जणींच्या गोळ्या डब्यातच राहतात. ज्या घेतात, त्यातल्या काही चहाच्या घोटाबरोबर घेतात. चहा लोह अंगी लागू देत नाही. क जीवनसत्त्व मात्र लागू देतं. मेथी, नाचणी, मसूर यांतलं लोह शरीर सहज शोषत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं तर जास्त शोषतं. गोळी बंद करायची नाही, हे आधीच सांगते.

१०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, झाडावर लाल पिकलेलीत १२० च्या वर. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी लाल मिरचीतूनच ते भरपूर वेगळं काढलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. पेरू-आवळ्यात याहून जास्त असतं, दारात पेरू असेल तर खुशाल तोच खा. पण पेरूला जागा लागते, वर्षं लागतात. ढोबळी रंगाच्या रिकाम्या बादलीत येते. तिखट नसल्यानं लेकरंही कच्ची खातात, आणि कच्चीच खावी, कारण शिजवताना हे जीवनसत्त्व बरंच नासतं. भाकरी, पालेभाजी आणि वर चार फोडी. त्या फोडी घरात सगळ्यांचं झाल्यावर उरल्यासुरल्या मिळणार असतील, तर लावण्याचा उपयोग नाही. वयात आलेली मुलगी, गरोदर सून, बाळंतीण यांच्या ताटात सासूबाईंनी त्या आधी वाढाव्यात.

राधानगरीच्या पावसात जूनची लागण करू नका, मुळं कुजतात. ऑगस्टअखेर वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी बी टाका. पस्तीस-चाळीस दिवसांनी, पाऊस ओसरला की रोप बादलीत लावा. बादली पंधरा लिटरची, धुतलेली, तळाला पाच-सहा भोकं. आपली तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस सारखं घ्या, मूठभर राख टाका. डिसेंबरात हिरवी फळं येतील. लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. पानं वळू लागली तर फुलकिडे किंवा कोळी आलेत असं समजा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. बी घेताना ‘कॅलिफोर्निया वंडर’ मागा, ते सुधारित वाण आहे, पुढच्या वर्षी घरचं बी धरता येतं. संकरिताचं धरता येत नाही. शेजारी लवंगी लावू नका. पराग मिसळला तर धरलेल्या बियांची मिरची तिखट निघू शकते.

आता पैशाचं. पॉलिहाऊसला, शेडनेटला सरकारी अनुदान आहे, पण त्याला सातबारा लागतो. ज्यांच्याकडे अंगणाची चार फूट पट्टीच आहे, त्यांनी काय करायचं? ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. त्यातून बी, बादल्या, खत का नको? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला बायांनी जमून जावं, मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. बी टाकायला तेव्हा दोन आठवडे हातात असतात.