जंगल कुणाच्या बापाचं?

दोस्तहो, हल्ली आपली पोरंही वाघ बघायला ताडोबाला जातात. जावं. वाघ काही साहेबलोकांनीच बघायचा नसतो. पण जिप्सीत बसून आलेल्यानं एवढं तरी विचारावं : हे रान आधीच रिकामं होतं, की रिकामं केलं? २००७ पासून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं तिथून उठली. वाघाच्या फोटोत ती दिसत नाहीत.

ताडोबा लांब वाटत असेल तर आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला जा. मी गेलो. पुढं सह्याद्रीचा कडा, खाली मुरबाड. इथं वाघ नाही, शेकरू आहे. त्याच्यासाठी १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य झालं. शेकरू राज्यप्राणी, त्याच्या घरट्याला कुणी हात लावत नाही. त्याच झाडाखालच्या महादेव कोळ्याला मात्र स्वतःच्या रानात परवानगी मागावी लागते.

अरे, शेकरू वाचलं कुणामुळं? आहुप्याची देवराई बघा. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून गावानं त्या राईत कुऱ्हाड चालू दिली नाही. सरकारला जंगल आयतं मिळालं.

आणि हा आदिवासींचा प्रश्न, आपला नाही, असं म्हणून झटकू नका. या डोंगरातला हिरडा औषधाला लागतो, तसा कातडं कमवायलाही. झाडावर चढून हिरडा काढणारा कोळी, हिरड्याच्या पाण्यात हात घालून कातडं कमवणारा आपला ढोर, आणि दोघांच्या मालाचा भाव ठरवणारा तिसराच. डिंभे धरणात आदिवासींची गावं बुडाली, पाणी खालच्या शेतीला गेलं. आता तिकडं उसात बिबट्या निघाला की बातमी होते. बुडालेल्या गावांची होत नाही.

वाघ मारा, झाडं तोडा, असं मी म्हणत नाही. जंगल राखणाऱ्यालाच जंगलाचा चोर ठरवू नका, एवढंच म्हणतो. २००६ चा वनहक्क कायदाही तेच सांगतो : गौण वनोपजाची मालकी गावकऱ्यांची, सामूहिक वनावर ग्रामसभेचा हक्क, तिच्या लेखी संमतीवाचून कुणाला हलवायचं नाही. पण हक्क आपोआप घरी चालत येत नाही. दावा लिहावा लागतो, नकाशा, पुरावे जोडावे लागतात, तालुक्याला खेटे घालावे लागतात.

आपल्यातले किती जण बीए, एलएलबी झालेत? अर्ज लिहिता येतो ना? मग एक रविवार वाघाला द्या, चार रविवार ग्रामसभेला.