पाण्यातून उठताना

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सोमवारी एक आजी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आल्या होत्या. पट्टा गुंडाळताना त्यांचे लक्ष माझ्या दंडाकडे गेले. तेथे काळ्या शाईतले आकडे अजून पुरते पुसले गेले नव्हते. "बाई, या वयात हे काय गोंदून घेतलंय?" त्यांनी विचारले. बाहेरच्या बाकावर आठ जण खोळंबले होते, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर देते. त्यातला एक भाग तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या उपयोगाचा आहे, आणि तो मला कळण्याआधी त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

ते आकडे ट्रायथलॉनमधील माझ्या क्रमांकाचे होते. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि मध्ये विश्रांती नाही, असा हा खेळ. आजच्या स्वरूपात तो १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे सुरू झाला. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली 'आयर्नमॅन' शर्यत झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. तिची निम्म्या अंतराची शर्यत २०१९ पासून गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर धावायचे. हे सारे साडेआठ तासांत. बक्षिसाची आशा नसलेले माझ्यासारखे पुष्कळजण त्यात भाग घेतात. मी एक्कावन्नाव्या वर्षी सुरुवात केली. दवाखाना उघडण्यापूर्वीचे दोन तास एवढाच माझा सरावाचा वेळ.

पोहणे, सायकल आणि धावणे यांचा सराव सारेच करतात. पण जुनेजाणते खेळाडू चौथ्याच गोष्टीवर भर देतात. ती म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणे. इंग्रजीत तिला ट्रान्झिशन म्हणतात. मराठीत संक्रमण म्हणावे, तर आम्हा डॉक्टरांना साथीचे आजार आठवतात; म्हणून मूळ शब्दच ठेवते.

कोल्हापूरच्या राजाराम तलावात पहिल्यांदा दीड किलोमीटर पोहून मी काठावर उभी राहिले, तेव्हा समोरची झाडे गरगरली आणि मी मटकन खाली बसले. थकवा एवढा नव्हता. पोहताना शरीर आडवे असते आणि पाण्याचा दाब पायांतले रक्त हृदयाकडे ढकलत असतो. आपण एकदम उभे राहिलो की तो आधार सुटतो आणि अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व पोटाकडे उतरते. मानेतील धमन्यांमध्ये दाबाची नोंद घेणाऱ्या पेशी असतात. त्या मेंदूला कळवतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही क्षणांत सारे सावरते. हे सावरणे उशिरा झाले, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. यावर खेळाडूंचा उपाय साधा आहे. किनारा जवळ आला की पाय जोरात मारायचे, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू जागे होऊन रक्त वर ढकलू लागतात; आणि पाण्याबाहेर आल्यावर पहिली काही पावले चालत जायची. मी ते महिनोन्महिने घोटले. काठावर चपला कुठे ठेवायच्या, चष्मा कोणत्या हाताने काढायचा, हेसुद्धा ठरवले.

याच काळात अण्णा, म्हणजे माझे वडील, एके सकाळी चहा घेताना म्हणाले होते, "हल्ली उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते गं." मी बुटाची नाडी बांधता बांधता उत्तरले, "वय झालंय अण्णा, सावकाश उठत जा." त्यांचे वय ८२. रक्तदाबाची गोळी मीच चालू केलेली. प्रोस्टेटची गोळी मूत्रविकारतज्ज्ञांनी दिलेली. दोन्ही आवश्यकच होत्या. त्या दोन्ही मिळून काय करतात, हे पाहणे माझे काम होते आणि ते मी पाहिले नाही.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मी तलावावरून परतले, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी दारातच उभ्या होत्या. पहाटे लघवीला उठलेले अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. डाव्या मनगटाचे हाड मोडले, कपाळाला चार टाके पडले. मांडीचे हाड वाचले, हे नशीब. त्या संध्याकाळी मी त्यांना पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब मोजला. तो १४८/८२ भरला. मग आधार देऊन उभे केले आणि एका मिनिटाने पुन्हा मोजला, तो ११६/७०. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तपासणीला लागतात जेमतेम दहा मिनिटे. स्वतःच्या तलावाकाठच्या भोवळीचे कारण मी पुस्तके उघडून वाचले होते. घरातल्या माणसाची भोवळ मात्र मी वयाच्या खात्यावर टाकली.

म्हणून वाचकहो, घरात कोणी 'उठताना भोवंडल्यासारखं होतं' असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. वाढत्या वयात दाबाची ती नोंद घेणारी यंत्रणा मंदावते. त्यात रक्तदाबाची, लघवी जास्त होण्याची, प्रोस्टेटची, झोपेची, नैराश्याची किंवा कंपवाताची औषधे असतील, तर ती आणखी अडते. आपल्या डॉक्टरांना आडवे आणि उभे, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला आवर्जून सांगा. सांगायला संकोचू नका. आम्हीही घाईत असतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. अण्णांच्या बाबतीत एका गोळीची मात्रा कमी झाली आणि दुसरीची वेळ बदलली. प्रत्येकाचा हिशेब निराळा असतो.

गोळ्यांइतकाच उपयोग झाला तो सरावाचा. जाग आली की अण्णा आडवे असतानाच पावले वरखाली पंधरा वेळा हलवतात. मग उठून खाटेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून दोन मिनिटे बसतात आणि मुठी आवळून सोडतात. त्यानंतर खाटेचा दांडा धरून उभे राहतात, क्षणभर थांबतात आणि मगच पाऊल टाकतात. पुरुषांनी रात्रीची लघवी बसूनच करावी, हे त्यांना पटवायला मला आठवडा लागला. भरपेट जेवणानंतर आणि कढत पाण्याच्या स्नानानंतरही दाब उतरतो, तेव्हाही हीच सावधगिरी. सकाळी उठण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यायल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते; परंतु हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी विचारल्यावाचून तसे करू नये.

त्या पडण्यानंतर मी पोहणे सोडले होते. वडील पडलेले असताना आपण पाण्यात मौज करत होतो, ही बोच साधी नसते. शुश्रूषा करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींना ती ठाऊक असेल. त्या दिवसांत हिरोमु इनादा या जपानी गृहस्थांविषयी वाचनात आले. साठीला नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी आजारी पत्नीची सेवा पत्करली आणि त्याच काळात स्वतःची प्रकृती टिकावी म्हणून पोहायला सुरुवात केली. पहिली ट्रायथलॉन सत्तराव्या वर्षी. २०१५ मध्ये हवाईतील पूर्ण अंतराच्या शर्यतीत ते १७ तासांच्या मुदतीला अवघ्या ५ सेकंदांनी चुकले. २०१८ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांनी ती मुदतीत पूर्ण केली. त्यांचे अनुकरण करा, असे मी कोणालाही सांगणार नाही. या शर्यतींतील आकस्मिक मृत्यू बहुतांशी पोहण्याच्या टप्प्यात होतात; चाळिशीनंतर हृदयाची तपासणी केल्याखेरीज असल्या फंदात पडू नये. मला मोलाचे वाटले ते एवढेच, की सेवा करणाऱ्या माणसाने दिवसातला तासभर स्वतःसाठी राखला होता.

अखेर अण्णांनीच विषय काढला. "माझा हात सांधला, तुझं पोहणं कधी सांधणार?" मग धाकटी बहीण आठवडाभर राहायला आली आणि मी गोव्याला गेले. समुद्रातून बाहेर येताना पाय जोरात मारले, वाळूवर चालत आले. सायकलीपाशी बाकीचे एका पायावर उड्या मारत बूट चढवीत होते. मी सरळ जमिनीवर बसले. मिनिटभर गेले असेल. एकूण आठ तास अकरा मिनिटे लागली.

संध्याकाळी घरी फोन केला. अण्णांनी वेळ विचारलीच नाही. "बूट बसून घातलेस ना?" एवढेच म्हणाले.