गृहव्यवस्था : गाण्याच्या यंत्रांसाठी लाकडी मांडणी

संगीताची साधने घरात आली, की ती कोठे ठेवावीत हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. रेकॉर्डप्लेअर, ॲम्प्लिफायर, स्पीकर यांची निवड चोखंदळपणे होते. मांडणी मात्र दिवाणखान्यात शोभेल एवढेच पाहून घेतली जाते. वस्तुतः वाडवडिलांनी जमविलेल्या तबकड्या पुढच्या पिढीच्या हाती धड पडतील की नाही, हे पुष्कळसे या मांडणीवरच अवलंबून असते. कलकत्त्यात गोहरजान यांचा आवाज मुद्रित झाला तो १९०२ साली. त्यानंतर निघालेल्या कित्येक तबकड्या आज पुन्हा मिळणे दुर्घट आहे.

पहिला विचार वजनाचा. वेष्टनासह एक मोठी तबकडी सुमारे पाव किलो भरते. म्हणजे हातभर जागेत मावणाऱ्या शंभर तबकड्यांचे ओझे २५ किलोंच्या घरात जाते. असे ओझे लांबलचक फळीवर ठेवले, तर ती काही वर्षांत मधोमध वाकते. यावर उपाय सोपा आहे. फळीची जाडी दुप्पट केली, की तिचा ताठपणा आठपट होतो. आणि दर दीड-दोन फुटांवर उभा आधार दिला, तर पाऊण इंची फळीही पुरते. या आधारांमुळे तबकड्या कलत नाहीत, हा दुसरा लाभ. तबकड्या नेहमी उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचल्यास खालच्या दबतात, आणि लाखेच्या जुन्या तबकड्या तर काचेसारख्या तडकतात. मोठ्या तबकड्यांसाठी खण आतून ३३ सेंटिमीटर उंच असावा.

दुसरा विचार कंपनाचा. सुई ज्या खाचेतून फिरते ती केसाइतकी बारीक असते. त्यामुळे मांडणीचा लहानसा हादराही तिला जाणवतो. स्पीकर त्याच मांडणीवर ठेवला, तर त्याचा कंप सुईपर्यंत पोचून घुमणारा आवाज येऊ लागतो. म्हणून स्पीकरची बैठक निराळी असावी. विकत घेताना मांडणीला हाताने हलका धक्का देऊन पाहावे. डुलणारी मांडणी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. घरी आणल्यावर वरची फळी पाणसळ लावून समतल करावी.

तिसरा विचार उष्णतेचा. ॲम्प्लिफायर तापतो. काचेच्या दारांचे बंद कपाट धूळ अडविते खरे, परंतु ऊबही कोंडून धरते. यंत्राच्या वर निदान चार इंच जागा मोकळी ठेवावी, आणि मागची बाजू वायरींसाठी व वाऱ्यासाठी उघडी असावी.

राहता राहिले लाकूड. सागवान उत्तम, कारण ते पावसाळ्यात कमी फुगते आणि वाळवीही त्याला सहसा लागत नाही. उत्तरेकडे शिसम, केरळात रबराचे लाकूड, तर इतरत्र आंब्याचे लाकूड स्वस्त पडते. मात्र आंबा व रबर यांना कीड लवकर लागते, म्हणून त्यांवर औषधप्रक्रिया झाली आहे का ते विचारून घ्यावे. लाकूड कोणतेही असो, ते चांगले मुरलेले असावे. ओले लाकूड पुढे पिळते व सांधे उघडतात. जुन्या घरांचे उतरविलेले सागवान मिळाल्यास ते या कामी फार चांगले. केवळ बारीक छिद्रांतून ताजा भुसा गळत नाही ना, एवढे पाहावे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी भुशाच्या दाबीव फळ्या टाळाव्यात. दमटपणाने त्या फुगतात आणि मग स्क्रू धरीत नाहीत. त्यापेक्षा पाण्याला टिकणारे प्लायवूड बरे. मांडणीला वीतभर उंच पाय असावेत व ती भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, म्हणजे खालून केर काढता येतो, ओल लागत नाही आणि वाळवीची वाट वेळीच दिसते.

नक्षी आणि झिलई यांवरचा खर्च मागाहूनही करता येतो. परंतु एकदा वाकडी झालेली तबकडी पूर्ववत करणे कोणत्याही सुताराला साधत नाही. म्हणून आधी मजबुती पाहावी, मग शोभा.