दुसुतीवरची समई

आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ तयार होत आलं, तेव्हा कार्यवाह काकांनी मला बोधचिन्हाची फाइल पाठवली. "चांगली मोठी आहे, कमी पडायची नाही," असंही सांगितलं. खरंच मोठी होती, 4000 बाय 4000 पिक्सेल. मध्ये पाच वातींची समई, मागे उघडं पुस्तक, भोवती कडं आणि कड्यात संस्थेचं पूर्ण नाव. ब्राउझरच्या टॅबवर नावाआधी जे इवलंसं चित्र दिसतं, त्या फॅव्हिकॉनसाठी मला ती हवी होती.

ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवली, आकार निवडला आणि अर्ध्या मिनिटात आयको फाइल उतरवून घेतली. टॅबवर दिसला तो तपकिरी डाग.

कारण साधं आहे. टॅबवरचं चित्र 16 बाय 16 घरांचं, म्हणजे सगळी मिळून 256 घरं. मूळ चित्रातल्या 62,500 पिक्सेलांच्या वाट्याला त्यातलं एक घर येतं आणि बहुतेक कन्व्हर्टर त्या सगळ्यांच्या रंगांची सरासरी काढून ते भरतात. कड्यातल्या अक्षरांची उंची जेमतेम दीडशे पिक्सेल होती. अख्खं अक्षर, त्याची शिरोरेषा, वरची वेलांटी, सगळं एका घरात गेलं आणि करडं झालं. मूळ चित्र कितीही सुस्पष्ट असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. काय ठेवायचं हे यंत्राला कोणी सांगितलेलंच नसतं.

1984 साली आलेल्या मॅकिंटॉशची चिन्हं सुझन केअर यांनी चौकटींच्या वहीत काढली होती. 32 बाय 32 घरं. भरलं तर काळं, सोडलं तर पांढरं. त्यांनी या कामाची तुलना मोझेकशी आणि सुईकामाशी केली आहे. ते वाचलेलं आठवलं आणि मी आलेखाची वही घेऊन आईकडे गेलो. तिनं उभं आयुष्य दुसुतीवर भरतकाम केलं. मोर, कलश, तुळशीवृंदावन, सगळं घरं मोजून.

तिनं 16 घरं मोजली आणि पेन्सिल खाली ठेवली. "अरे, याला मधलं घरच नाही. सम संख्या आहे. दांडा दोन घरांचा घे, नाहीतर समई एका अंगाला जाईल." पडद्यावर तासभर धडपडून मला जे उमगलं नव्हतं, ते तिला टाके मोजण्याच्या सवयीनं दिसलं. मग पुस्तक गेलं, कडं गेलं, नाव गेलं. पाच वातींऐवजी एकच ज्योत राहिली. दोन घरांच्या ज्योतीला टोक येईना, म्हणून आईनं वरचं एकच घर भरलं. ज्योत वाऱ्यानं किंचित कलल्यासारखी दिसू लागली. मला ती मूळ चित्रापेक्षा जिवंत वाटते.

हे सगळं जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये माझ्याच संगणकावर उतरवलं. बोधचिन्ह तर जगजाहीर असतं, पण ऑनलाइन अर्जासाठी सही किंवा ओळखपत्राचा फोटो लहान करायलाही लोक हाती लागेल त्या संकेतस्थळावर चढवतात, म्हणजे परक्याच्या सर्व्हरवर पाठवतात. ते मला धोक्याचं वाटतं.

आयको फाइलची एक सोय मला फार आवडते: एकाच फाइलमध्ये अनेक आकार राहतात आणि जिथे जो लागेल तो वापरला जातो. म्हणून 32 चं आणि 48 चं चित्र वेगळं काढलं. 16 चं मोठं करून चाललं नसतं. 32 मध्ये तीन वाती आणि पुस्तकाची दोन पानं आली. 48 मध्ये कडंही बसलं.

काकांना दाखवलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "नाव कुठं गेलं? आणि वाती पाच होत्या ना?" नाव टॅबवर चित्राच्या शेजारीच लिहिलेलं असतं, हे त्यांना दाखवलं. ते पटलं. वातींचं मात्र पटेना. मग 48 चं चित्र पडद्यावर मोठं करून समोर धरलं. त्यांनी चष्मा सारखा केला, एकेका ज्योतीवर बोट ठेवत पाचपर्यंत मोजलं आणि मगच "लावा" म्हणाले.